शिंगरू दूध ओढत नाही, डॉक्टर सोमवारी येणार

प्रश्न : यंदा सारंगखेड्याच्या यात्रेतून गाभण मारवाडी घोडी आणली. घरी आणल्यावर अठराव्या दिवशी, मंगळवारी रात्री, ती व्याली. नर शिंगरू आहे. तासाभरात उभं राहिलं, दूधही प्यालं. काल संध्याकाळपासून मात्र पिवळं पातळ हगतंय, रात्रीतून सहा-सात वेळा. आज सकाळपासून घोडीखाली जातं, तोंड लावतं, पण ओढत नाही. कपाळावर दूध सुकलंय. आमच्या दवाखान्याचे डॉक्टर बाहेरगावी आहेत, सोमवारी येतील. शेजारचे म्हणतात एरंडेल पाज, एक जण म्हणतो पोटावर डाग दे. मेडिकलमधून माणसांची जुलाब थांबवायची गोळी आणलीय, अजून दिलेली नाही. बेंबीला हळद-तेल लावतोय. घरी एक म्हैस आणि दोन शेळ्या आहेत. सोमवारपर्यंत काय करू?
– एक वाचक, ता. शहादा

उत्तर : भाऊ, गोळी दिली नाहीत हे बरं केलंत. ती आता देऊही नका. तातडीचं तेवढं तुम्हाला फोनवर सांगितलंच आहे. इथे सगळं नीट लिहितो, कारण व्यायच्या हंगामात असा प्रसंग इतरांवरही येतो.

तुमच्या पत्रातली सगळ्यात काळजीची गोष्ट जुलाब नाही, कपाळावर सुकलेलं दूध आहे. पहिल्या आठवड्यात धडधाकट शिंगरू तासाला पाच ते सात वेळा आईला पितं, दर वेळी थोडंथोडं. त्यामुळे घोडीची कास कधी फार ताठ दिसत नाही. आजारी शिंगरू सवयीने कासेखाली जाऊन उभं राहतं, घोडी पान्हा सोडते, पण ते ओढत नाही म्हणून दूध त्याच्या डोक्यावर पडतं. आत्ता जाऊन कास चाचपा. ती टणक, भरलेली असेल आणि सडांतून दूध ठिबकत असेल, तर शिंगरू काही तासांपासून उपाशी आहे असं धरा. वासरू अर्धा दिवस उपाशी राहिलं तरी तग धरतं. चार दिवसांच्या शिंगराच्या अंगात साठा जवळजवळ नसतोच. रक्तातली साखर घसरते, ते सुस्त होतं, सुस्त झालं की पीत नाही, आणि पीत नाही म्हणून आणखी सुस्त होतं.

म्हणून 'सोमवारपर्यंत' हा शब्दच डोक्यातून काढा. आठवड्याच्या आतलं, जुलाब लागलेलं आणि दूध सोडलेलं शिंगरू तेवढं थांबत नाही. घरी जे करायचं ते डॉक्टर हाती लागेपर्यंतच्या तासांसाठी. १९६२ या जनावरांच्या दवाखान्याच्या मदत क्रमांकावर फोन करा, शेजारच्या तालुक्यातल्या डॉक्टरांना करा, ज्यांच्याकडून घोडी घेतली त्यांनाही करा. घोडेवाल्यांना घोड्याचा डॉक्टर बहुधा ठाऊक असतो. डॉक्टर फोनवर आले की 'खूप जुलाब होतायत' एवढं सांगून भागणार नाही. त्यांना आकडे द्या.

आकडे असे घ्यायचे. डिजिटल थर्मामीटरच्या टोकाला व्हॅसलीन लावा, दुसऱ्या टोकाला दोरा बांधा, नाहीतर तो आत सरकतो. शेपूट बाजूला धरून तीन-चार सेंटिमीटर आत घाला आणि थोडा तिरका करून आतल्या भिंतीला टेकवा. लीदीत रुतलेला थर्मामीटर कमी ताप दाखवतो. ९९ ते १०२ फॅरनहाइट ठीक. १०२च्या वर गेलं तर संसर्गाचा संशय. ९९च्या खाली गेलं तर जास्त वाईट. ताप नाही म्हणून हायसं वाटून घेऊ नका, रक्तात जंतू पसरलेल्या शिंगराला पुष्कळदा तापच नसतो, उलट अंग गार पडतं. डाव्या कोपराच्या मागे तळहात ठेवून ठोके मोजा: शांत असताना मिनिटाला ८० ते १२०. श्वास २० ते ४०. ओठ वर करून हिरडी बघा, ती फिकट गुलाबी आणि ओली हवी. बोटाने दाबून सोडली की दोन सेकंदांत रंग परतला पाहिजे. हिरडी विटकरी लाल किंवा जांभळट दिसली, कानाच्या आत किंवा हिरडीवर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके दिसले, तर रक्तात विष पसरतंय. हिरडी पिवळी आणि लघवी तपकिरी असेल तर गोष्ट वेगळी: आईच्या चिकातून आलेली प्रतिद्रव्यं शिंगराच्या तांबड्या पेशी फोडत असतात. तेव्हा त्याला पळवू-दमवू नका, आणि शिंगरू चोवीस तासांच्या आतलं असेल तर डॉक्टर सांगेपर्यंत आईचं दूध बंद ठेवा.

लघवीकडेही लक्ष द्या. दुधावरच्या शिंगराची लघवी जवळजवळ पाण्यासारखी असते. दाट पिवळी झाली तर अंगातलं पाणी कमी झालंय. तुमचं शिंगरू नर आहे आणि चार दिवसांचं आहे, म्हणून आणखी एक बघा. पाय फाकवून, पाठ खाली वाकवून ते कुंथतंय, थेंबथेंबच लघवी होतेय आणि पोट फुगत चाललंय, असं असेल तर मूत्राशय फुटलेलं असू शकतं. जन्मताना ते फुटतं आणि दोन-चार दिवसांनी शिंगरू मलूल होतं. त्यावर घरी काहीही करता येत नाही, शस्त्रक्रियाच लागते. (पहिली काळी लेंडी अडकलेलं शिंगरूही कुंथतं, पण ते पाठ वर उचलून, शेपूट उंच धरून. तुमच्याकडे पिवळी लीद आलीय, म्हणजे तो प्रश्न संपला.)

आता तोंडात बोट घालायची परीक्षा. हात साबणाने धुवा, बोट जिभेवर ठेवा. तोंड ऊबदार आहे आणि ते बोट जोरात चोखतंय, तर तोंडाने देता येईल. तोंड गार आहे, बोट नुसतं चघळतंय किंवा काहीच करत नाही, तर तोंडाने दुधाचा थेंबही द्यायचा नाही. बांबूच्या नळकांड्याने किंवा बाटलीने डोकं वर करून घशात ओतलेलं दूध अशा वेळी फुप्फुसात जातं, आणि जुलाबातून वाचलेलं शिंगरू पाचव्या दिवशी न्यूमोनियाने जातं. चोखत नसलेल्याला फक्त एवढं करा: चमचाभर ग्लुकोज पावडर थोड्या पाण्यात कालवून बोटाने हिरड्यांना चोळा, दर पंधरा-वीस मिनिटांनी, आणि गाडी बोलवा. नाकातून पोटात नळी घालण्याचं काम शिकलेल्या हाताचंच. ती श्वासनळीत गेली तर एका घोटात खेळ संपतो. सलाईनचंही तसंच. गावात सलाईन लावणारा भेटेल, पण कुठली बाटली, किती आणि किती वेगाने, हे डॉक्टरांनी फोनवर सांगितल्याशिवाय लावू देऊ नका.

चोखतंय असं धरून पुढचं सांगतो. आधी वजन. एक हात छातीपुढून, दुसरा मांड्यांमागून घालून शिंगरू उचला, काट्यावर उभे राहा, मग आपलं वजन वजा करा. पोटाखाली हात घालून उचलू नका. समजा ३५ किलो भरलं. पुरेसं पिणारं शिंगरू दिवसाला वजनाच्या पाचव्या ते चौथ्या हिश्शाएवढं दूध पितं. आजाऱ्याला पहिल्या दिवशी दहावा हिस्सा पुरे, म्हणजे साडेतीन लिटर. त्याचे बारा भाग करा: दर दोन तासांनी साधारण ३०० मिली, रात्रीसुद्धा. पहिल्या दोन वेळा अर्धंच द्या. पोट ताठ झालं, दात खायला लागलं, पाठीवर लोळलं किंवा नाकातून दूध आलं तर थांबा आणि डॉक्टरांना कळवा. सगळं पचलं तर दुसऱ्या दिवशी पाच लिटरपर्यंत न्या.

दूध घोडीचंच काढा. तिचे सड आखूड, गायीसारखी मूठ बसत नाही. ५० किंवा ६० मिलीची नवी सिरिंज घ्या आणि सुई बसवायच्या बाजूचं टोक धारदार ब्लेडने सरळ कापा. दट्ट्या बाहेर काढून त्या कापलेल्या बाजूने आत घाला. म्हणजे कारखान्यातून आलेली गुळगुळीत कड दुसऱ्या टोकाला मोकळी राहते, ती सडावर बसवायची. कापलेली खरबरीत बाजू सडाला लागू द्यायची नाही, जखम झाली की घोडी हात लावू देत नाही. दट्ट्या सावकाश ओढा, दूध भरलं की भांड्यात रिकामं करा. त्याआधी कास कोमट पाण्याने धुवा. दोन सडांच्या मधल्या खाचेत काळा चिकट मळ साचतो, तोही काढा, आजारी शिंगरू तिथेच तोंड घासत असतं. एका माणसाने घोडीचं तोंड धरावं आणि शिंगरू तिच्या नाकासमोर ठेवावं. ते दिसेनासं झालं की ती पान्हा चोरते. शिंगरू पीत नसलं तरी दर दोन तासांनी दूध काढत राहा, नाहीतर दोन-तीन दिवसांत ती आटते.

घोडीचं दूध कमी पडलं तर तुमच्या शेळ्या आहेतच. शेळीचं दूध निरसं, पाणी न घालता, कोमट करून चालतं. गायीचं द्यायची वेळ आली तर साय काढून, लिटरला २० ग्रॅम ग्लुकोज घालून द्या, कारण घोडीच्या दुधात स्निग्धांश कमी आणि साखर जास्त असते. घरातली साखर किंवा गूळ नको. इतक्या लहान शिंगराच्या आतड्यात ती साखर फोडणारा पाचकरस पुरेसा नसतो, ती तशीच पुढे जाऊन जुलाब वाढवते. म्हशीचं दूध या वयाला फार जड. ते घरच्यांना राहू द्या.

पाजताना शिंगरू उभं हवं, नाहीतर छातीवर बसवलेलं. आडव्या पडलेल्याला पाजायचं नाही. कोकरं पाजायच्या बाटलीचं रबरी निपल सर्वांत सोयीचं. बाटली उलटी केल्यावर दूध थेंबथेंब पडावं, धार लागली तर भोक मोठं आहे. बाटली एवढ्याच उंचीवर धरा की त्याचं नाक डोळ्यांच्या वर जाणार नाही. आईखाली ते जसं मान लांबवून, किंचित खाली करून पितं, तसं. चोखून थकलं की थांबा. उरलेलं 'संपव बाबा' म्हणत ढकलायचं नाही.

दोन दुधांच्या मधल्या तासाला ओआरएस द्या. मेडिकलमध्ये मिळणारं, जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचं एक लिटरचं पाकीट (सुमारे साडेवीस ग्रॅमचं) घ्या, उकळून गार केलेल्या मोजून एक लिटर पाण्यात विरघळवा आणि दर वेळी २०० ते ३०० मिली द्या. अर्ध्या लिटरात अख्खं पाकीट टाकलं तर खारं पाणी अंगातलं पाणी आतड्यात ओढून घेतं आणि जुलाब वाढतात. दुधात मिसळायचं नाही. आंब्याच्या चवीचं तयार डब्यातलं पेय म्हणजे ओआरएस नव्हे, पाकिटावरचं नीट वाचा. आणि नुसत्या ओआरएसवर दिवस काढू नका, त्यात पोट भरेल एवढी शक्ती नसते.

आता शेजाऱ्यांच्या सल्ल्यांकडे येऊ. एरंडेल घोड्याच्या आतड्याला सूज आणतं, धडधाकट घोड्यालाही त्याने जुलाब लागतात. डाग दिल्याने जुलाब थांबत नाहीत, भाजलेल्या कातडीतून जंतूंना आणखी एक दार उघडतं. जुलाब थांबवणारी माणसांची गोळी आतड्याची हालचाल रोखते, मग जंतूंचं विष आणि वायू आतच कोंडतात, पोट फुगतं. वेदनाशामक इंजेक्शनही मनाने नको. पाणी कमी झालेल्या शिंगराच्या मूत्रपिंडावर आणि जठरावर ती औषधं उलटतात. (त्यांतलं डायक्लोफिनॅक तर, ते दिलेलं जनावर मेल्यावर खाऊन गिधाडं मरतात म्हणून, २००६पासून जनावरांसाठी बंदच आहे.) अँटिबायोटिक तुमच्या शिंगराला बहुधा लागेल, पण कुठलं ते डॉक्टरच ठरवतील. गायी-म्हशींसाठी घरात पडलेलं उरलंसुरलं टोचू नका. लिंकोमायसिन, क्लिंडामायसिन ही औषधं घोड्याच्या आतड्याचा जीवघेणा दाह करतात, आणि जेंटामायसिन कोरड्या पडलेल्या अंगात मूत्रपिंड बिघडवतं.

कोणी म्हणेल, घोडी माजावर आली की शिंगराला जुलाब लागतातच, आपोआप थांबतात. खरं आहे, पण ते जुलाब साधारण पाचव्या ते चौदाव्या दिवसातले, आणि त्यात शिंगरू उड्या मारत असतं, पीत असतं, ताप नसतो. (त्याचा आईच्या दुधाशी संबंधही नाही, आईविना वाढणाऱ्या शिंगरांनाही ते होतात.) तुमचं शिंगरू चौथ्या दिवशी मलूल आहे. ते या खात्यात बसत नाही.

यात तुमची घोडी नवी आहे, हाही मुद्दा आहे. घोडीच्या वारेतून पोटातल्या शिंगराला रोगप्रतिकारशक्ती मिळत नाही, जे मिळतं ते चिकातून. तेही पहिल्या बारा तासांत भरपूर, आणि चोवीस तासांनंतर आतडं ते शोषतच नाही. शिवाय घोडी जिथे राहते तिथल्या जंतूंविरुद्धच तिचा चीक तयार होतो, त्याला चार ते सहा आठवडे लागतात. तुमच्या गोठ्यात ती अठराच दिवस होती. म्हणून डॉक्टरांना दोन गोष्टी आठवणीने सांगा: ती कधी आणली, आणि व्यायच्या आधी तिच्या कासेतून चीक गळत होता का. गळला असेल तर शिंगराच्या वाट्याला साधं दूधच आलं असेल. मग रक्त तपासून प्लाझ्मा (मोठ्या घोड्याच्या रक्तातला, प्रतिद्रव्यं असलेला पातळ भाग) द्यायचा का, ते डॉक्टर ठरवतील.

बेंबीचं हळद-तेल आज पुसून काढा. तेलाने बेंबी वाळत नाही, धूळ आणि लीद चिकटते, आणि धनुर्वाताच्या बाबतीत घोड्याइतकं नाजूक दुसरं पाळीव जनावर नाही. २ टक्क्यांचं क्लोरहेक्सिडिन एक भाग आणि उकळून गार केलेलं पाणी तीन भाग असं छोट्या कपात घेऊन कप बेंबीला लावून धरा, ओली असेल तर दिवसातून तीन-चार वेळा. बेंबीचा देठ पेन्सिलीपेक्षा जाड, गरम किंवा दुखरा लागला, किंवा त्यातून लघवी पाझरत असेल, तर ते फोनवर सांगा. रोज सकाळ-संध्याकाळ सगळे सांधेही चाचपा: गुडघे, मागचे ढोपर, खुरांवरचे सांधे. महिन्याच्या आतलं शिंगरू लंगडलं की 'आईने पाय दिला असेल' म्हणून सोडून देतात. बहुतेक वेळा तिथे बेंबीतून किंवा आतड्यातून आलेले जंतू बसलेले असतात, आणि एका दिवसाच्या उशिराने सांधा कायमचा जातो.

रात्री तापीकाठी गारठा असतो. खाली वीतभर कोरडं काड पसरा, ओलं झालं की बदला, वारा अडवा. गरम पाण्याच्या बाटल्या गोणपाटात गुंडाळून अंगाजवळ ठेवा, उघड्या बाटलीने कातडी भाजते. पडून राहत असेल तर छातीवर बसतं ठेवा, दोन्ही बाजूंना काडाच्या गोण्या लावा आणि दर दोन तासांनी कूस बदला. शेपटीखालचा भाग कोमट पाण्याने धुऊन, टिपून, व्हॅसलीनचा जाड थर द्या, नाहीतर केस गळून कातडी सोलवटते. पाणी कमी झालं की खालची पापणी आत वळते आणि पापणीचे केस बुबुळावर घासतात. ती बोटाने अलगद बाहेर ओढा, दर दोन तासांच्या पाळीत तेही बघा. घरातलं डोळ्याचं जुनं मलम घालू नका. स्टेरॉइड असलं आणि बुबुळावर ओरखडा असला तर डोळा जातो.

असे जुलाब माणसांनाही लागतात. शिंगराचं करणाऱ्याने वेगळे कपडे ठेवावेत, हात साबणाने धुवावेत, घरातली लहान मुलं तिकडे नकोत. शेळ्याही दूर बांधा.

दाराच्या मागे एक कागद लावा: वेळ, ताप, किती मिली दूध, किती ओआरएस, किती वेळा हगलं, लघवी झाली का. रात्रपाळी वाटून घेतली की तोंडी निरोप विसरतात.

चोखणं थांबलं, उठता येईनासं झालं, ताप १०३च्या वर किंवा ९९च्या खाली गेला, जुलाबात रक्त आलं, पोट फुगलं, बसल्याजागी श्वास मिनिटाला ६०च्या पुढे गेला, यांतलं एक जरी झालं तरी रात्र असो, डॉक्टर इथे येण्याची वाट न बघता त्याला त्यांच्याकडे घेऊन निघा. आधी फोन करा, घोडा बघणारे डॉक्टर आहेत का ते विचारा. शहाद्याहून गुजरातेतलं नवसारी आणि मध्य प्रदेशातलं महू इथली पशुवैद्यकीय महाविद्यालयं लक्षात ठेवा, आपल्याकडची शिरवळ, परभणी, परळ ही तुम्हाला त्याहून लांब पडतील. पिकअपमध्ये घोडी बरोबर घ्या, शिंगराला दूधही लागेल आणि तीही मागे राहून बिथरणार नाही. पण दोघांच्या मध्ये आडवी फळी बांधा, वळणावर तिचा तोल गेला तर ती त्याच्यावर पडेल. शिंगराजवळ एक माणूस बसावा, काड जाड पसरावं, ताडपत्रीने वारा अडवावा. निघण्यापूर्वी काढलेलं दूध आणि तो दारामागचा कागद सोबत घ्या.